कुत्र्याने आंब्याची कोय गिळली तर

शिरपूरच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही नीट कळावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. आखाजीला घरी रस केला, कोयींचं घमेलं ओट्याखाली राहिलं आणि तुमच्या ९ किलोच्या पामेरियनने, शेरूने, त्यातली एक लहान कोय पळवून गिळली. आज दुसरा दिवस. सकाळपासून तीन उलट्या झाल्या, पाणी प्यायला तरी ते बाहेर येतं, भाकरीकडे तो बघतही नाही. काल संध्याकाळी थोडी शी झाली, त्यामुळे घरचे म्हणतात रस्ता मोकळा आहे, केळं खाऊ घाला, थोडं एरंडेल पाजा, निघून जाईल. तुम्हाला मात्र कोयीतल्या सायनाइडची धास्ती आहे, कारण तसा एक व्हिडिओ तुमच्या पाहण्यात आला. शिवाय घरात चिंच फोडणं चालू आहे आणि तुमची मांजर मनी दिवसभर चिंचोक्यांशी खेळते, तिला काही होईल का, असंही तुम्ही विचारलंय.

आधी शेरूचं. त्याला आजच, हे वाचून झाल्यावर लगेच, कुत्र्या-मांजरांची शस्त्रक्रिया करणाऱ्या दवाखान्यात न्या. उद्या सकाळपर्यंत थांबू नका. तोपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. केळं नाही, एरंडेल नाही, दूध नाही. असं का, ते पुढे सविस्तर सांगतो. पण वाचत बसण्यापेक्षा गाडी काढणं महत्त्वाचं. बाकीचं वाटेत वाचा.

मी गेली बरीच वर्षं जळगाव जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. सकाळी गाई-म्हशी, संध्याकाळी कुत्री-मांजरं. वैशाख लागला की कोय गिळलेली कुत्री यायला सुरुवात होते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत येत राहतात. जवळजवळ प्रत्येक घरातून पहिला प्रश्न विषाचा येतो. ही भीती खोटी नाही, पण आंब्याच्या बाबतीत ती चुकीच्या जागी आहे. त्या नादात खरा धोका नजरेआड होतो आणि वेळ जातो.

सायनाइडचं खरं काय ते सांगतो. पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी या फळांच्या बियांच्या आतल्या गरात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. सफरचंदाच्या बियांतही असतं. बी चावली, फुटली, की त्याच बियांतल्या पाचक रसाशी त्याची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड हा वायू सुटतो. बी अख्खी गिळली तर हे फारसं घडत नाही, कारण वरचं कवच शाबूत असतं. आपल्या शेतकऱ्याला हे विष चांगलं ओळखीचं आहे. पाऊस ओढ देतो, ज्वारी गुडघ्याएवढी असतानाच सुकते, आणि अशा कोवळ्या ज्वारीत गाय शिरली की अर्ध्या तासात आडवी पडते. ते विष हेच. सायनाइड रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही. म्हणून जनावर धापा टाकतं, हिरड्या निळ्या पडण्याऐवजी लालभडक दिसतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, झटके येतात. बियांतून झालेली बाधा काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत दिसते. दुसऱ्या दिवशी नव्हे.

आंब्याच्या बाठीत हा प्रकार इतका थोडा असतो की व्यवहारात मी तो मोजत नाही. दुष्काळात बाठीचा गर भिजवून, वाळवून, त्याचं पीठ करून माणसांनी खाल्लेलं आहे. तुमच्या शेरूने कोय अख्खी गिळली, तिला दीड दिवस झाला, आणि त्याला धाप नाही. त्यामुळे विषाचा विचार बाजूला ठेवा. त्याची लक्षणं अडथळ्याची आहेत.

कोय पोटात गेल्यावर काय होतं हे कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. कुत्र्याची अन्ननलिका बरीच ताणली जाते. हावरेपणाने गिळलेली मोठी वस्तूही तिच्यातून सरकून जठरात पडते. जठर म्हणजे पिशवी, तिथे कोय आरामात बसते. अडचण पुढे आहे. जठरातून बाहेर पडायच्या तोंडाशी स्नायूंचं एक आवळलेलं कडं असतं आणि त्याच्यापुढे लहान आतडं. ९ किलोच्या कुत्र्याचं लहान आतडं तुमच्या करंगळी-अंगठीच्या बोटांइतकंच जाड असतं. कोयीवरचं लाकूड त्याच्या पाचक रसाने विरघळत नाही, वरचे धागेही नाही. उलट धागे ओले होऊन आतड्याच्या भिंतीला चिकटतात, त्यामुळे कोय गुळगुळीत दगडापेक्षाही वाईट रुतते.

मग तीनपैकी एक गोष्ट घडते. मोठा कुत्रा आणि लहान कोय असेल तर कधी कधी दोन-तीन दिवसांत ती शीवाटे निघून जाते. ती जठरातच राहिली तर कुत्रा मधूनमधून उलटी करतो, मधूनमधून जेवतो, बारीक होत जातो, आणि घरच्यांना वाटतं पित्त झालंय. आंब्याचा हंगाम संपून महिने लोटल्यावर मी कुत्र्याच्या जठरातून कोय काढलेली आहे, आणि घरच्यांचा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. तिसरी शक्यता म्हणजे कोय लहान आतड्यात शिरून तिथे पाचरीसारखी बसते. शेरूच्या बाबतीत मला हीच भीती आहे.

आतड्यात पक्का अडथळा झाला की वरच्या बाजूला पाणी आणि वायू साठत जातो. आतडं फुगतं, भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि ज्या जागी कोय टेकलेली असते तिथली भिंत मरायला लागते. ती भिंत फुटली की आतला मळ पोटाच्या पोकळीत सांडतो. तिथून पुढे जीव वाचवणं अवघड होतं. हे किती तासांत घडेल याचं वेळापत्रक नाही. कोय किती घट्ट बसली, आतड्याच्या वरच्या भागात की खालच्या, कुत्र्याचं वय काय, अंगात पाणी किती, या सगळ्यावर ते ठरतं. अडथळा जठराजवळ असेल तर उलट्या लवकर आणि जोरात होतात. खाली असेल तर पहिला दीड-दोन दिवस कुत्रा नुसता मलूल दिसतो. शिवाय आपल्याकडचा मे महिना. पारा ४५ च्या आसपास, आणि उलटीवाटे पाणी चाललेलं. पुण्या-नाशिकच्या कुत्र्यापेक्षा शेरूकडे वेळ कमी आहे असंच मी धरतो.

आता तुमच्या घरच्यांचा मुद्दा : शी झाली, म्हणजे रस्ता मोकळा. हा समज मी रोज ऐकतो आणि या समजापायीच सर्वांत जास्त उशीर होतो. काल संध्याकाळी पडलेली शी ही कोयीच्या पुढे आधीच असलेल्या अन्नाची होती. कोय मागे अडकली तरी तिच्या खालचं आतडं आपलं काम करत राहतं आणि त्यात होतं-नव्हतं ते बाहेर टाकतं. कधी कधी थोडी पातळ, शेंबडासारखी शीही होत राहते आणि लोकांना वाटतं जुलाब लागलेत. म्हणून शीवर विसंबू नका. पाणी पोटात टिकतंय का, एवढं बघा. पाणी प्यायल्यावर तेही उलटून पडत असेल तर तो अडथळा समजायचा आणि निघायचं.

घरच्या उपायांबद्दल थोडं स्पष्टच लिहितो. तुमच्या घरच्यांचा हेतू चांगला आहे, पण यातला एकही उपाय इथे उपयोगाचा नाही. एरंडेल आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावतं. पुढे रस्ता बंद असताना मागून जोर लावला तर अशक्त झालेली भिंत तिथेच फाटू शकते. केळं, दहीभात, तूप घातलेली पोळी, यांनी कोय सरकत नाही. अन्न मागे साठतं आणि भूल देताना पोट भरलेलं असल्यामुळे धोका वाढतो. तेल किंवा तूप जबरदस्तीने पाजलं तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि मग न्यूमोनियाशी झगडावं लागतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं तर अजिबातच नको. रक्तातलं मीठ एकदम वाढून मेंदूला सूज येते आणि झटके येतात. अशी केस कोयीमुळे नव्हे, मिठामुळे दगावते. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायचा सल्ला परदेशी व्हिडिओंमधून आता आपल्याकडेही पोचलाय. कोय गिळलेल्या कुत्र्याला मी ते कधी देत नाही, आणि मांजराला तर कोणत्याही कारणासाठी देऊ नये, तिच्या जठराला त्याने रक्तस्रावी जखमा होतात. मुळात मोठी, टोकदार वस्तू उलटीवाटे परत आणणंच धोक्याचं आहे. खाली जाताना गेली म्हणून वर येताना येईलच असं नाही, ती छातीतल्या अन्ननलिकेत अडकली तर काम जठरापेक्षा कितीतरी कठीण होऊन बसतं.

आणखी एक गोष्ट, जी घरचे नाही तर मेडिकल दुकानवाले करतात. उलटी थांबायची गोळी. ती दिली की उलटी थांबते, कुत्रा निवांत पडतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि कोय तिथेच राहते. अडथळा नाही हे तपासून कळेपर्यंत उलटी दाबायची नाही. डॉक्टरने इंजेक्शन देऊन घरी पाठवलं तर नम्रपणे विचारा, "एक्स-रे किंवा सोनोग्राफी केल्याशिवाय अडथळा नाही हे कशावरून?" विचारायला संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

दवाखान्यात जाताना त्याच आंब्यांची, साधारण तेवढीच एक कोय पिशवीत घालून न्या. हे क्षुल्लक वाटेल, पण मला याचा फार उपयोग होतो. कोय हाडासारखी एक्स-रेत पांढरी उठून दिसेलच असं नाही. बऱ्याचदा तिची फक्त अंधुक कड दिसते, किंवा नुसती फुगलेली आतडी दिसतात आणि त्यावरून अंदाज बांधावा लागतो. नमुन्याची कोय कुत्र्याशेजारी प्लेटवर ठेवून फोटो काढला की नेमकी कसली सावली शोधायची ते कळतं. सोनोग्राफीत कोय जास्त चांगली सापडते. वरचा काठ चकाकती कमान दिसतो आणि तिच्या खाली काळी सावली पडते. सोनोग्राफीची सोय नसेल तर बेरियम, म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध, पाजून काही तासांच्या अंतराने फोटो काढतात, पण आतडं फुटल्याची शंका असेल तर बेरियम द्यायचं नसतं. डॉक्टरला तीन गोष्टी नीट सांगा : कोय किती वाजता गिळली, पहिली उलटी कधी झाली, आणि शेवटचं पाणी पोटात कधी टिकलं.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर काय करतात तेही सांगतो, कारण न कळल्यामुळे लोक जास्त घाबरतात. आधी सलाईन. उलट्यांनी अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलेलं असतं, ते भरून काढल्याशिवाय भूल देणं बरं नाही, म्हणून आल्या आल्या टेबलावर घेतलं नाही तर चिडू नका. पोट उघडल्यावर अडकलेली जागा शोधावी लागत नाही, आपोआप दिसते. वरचं आतडं फुगून जांभळट-लाल झालेलं, खालचं रिकामं आणि फिकट, आणि मधे भिंत इतकी ताणलेली की कोयीचे धागे बाहेरून बोटांना जाणवतात. काप मात्र त्या ताणलेल्या भागावर घेत नाहीत. थोडं खाली, जिथे आतडं निरोगी आहे तिथे उभा काप घेऊन कोय हळूहळू त्या दिशेने ढकलून बाहेर काढतात. बाहेर येते तेव्हा ती करडी-काळी झालेली असते, धागे केसांच्या गुंत्यासारखे पिळलेले, आणि वास असा की दोन खोल्या पलीकडे जाणवतो. मग टाके, टाक्यांतून गळती नाही ना याची सलाईन भरून खात्री, आणि पोटातल्या चरबीच्या पडद्याचा एक पदर टाक्यांवर. आतड्याचा तुकडा मेला असेल तर तो कापून दोन टोकं जोडावी लागतात. ते काम मोठं आणि धोकाही जास्त. कोय अजून जठरातच असेल तर नशीब चांगलं. जठरावरचे टाके आतड्यापेक्षा निर्धास्त असतात, आणि मोठ्या शहरात दुर्बिणीने न कापता कोय काढून पाहण्याचा प्रयत्नही होतो.

घरी आणल्यावर तिसरा ते पाचवा दिवस जपायचा असतो. टाके उसवले तर याच काळात उसवतात. पहिले दोन दिवस टवटवीत झालेलं कुत्रं अचानक पुन्हा खाणं सोडून मलूल झालं, ताप आला, पोटाला हात लावू देईना, तर रात्री बारा वाजताही डॉक्टरला उठवा.

खर्चाचं आणि अंतराचं मी जाणून आहे. शिरपूरहून धुळं जवळ आहे, पण धडगाव, मोलगीकडून कुणी हे वाचत असेल तर त्याला नंदुरबार गाठायलाच घाट उतरावा लागतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोटाची शस्त्रक्रिया होईलच असं नाही. पण तिथे सलाईन लावून, तपासून, पुढे कुठे न्यायचं याची फोनाफोनी नक्की होऊ शकते. लांबच्या प्रवासाआधी सलाईन लागणं हीच अर्धी मदत आहे. म्हणून जवळचा दवाखाना टाळून थेट शहराकडे पळू नका.

आता कुणी म्हणेल, आमच्या लॅब्राडॉरने कोय गिळली, पण तो मजेत खेळतोय, मग काय करायचं? इथे खरंच परिस्थितीवर ठरतं. ३० किलोचं कुत्रं, गावठी आंब्याची छोटी कोय, उलटी नाही, जेवण नेहमीसारखं, तर मी लगेच पोट कापायला सांगणार नाही. एक एक्स-रे काढून ठेवतो आणि दोन-तीन दिवस घरी लक्ष ठेवायला सांगतो. पण लक्ष ठेवणं म्हणजे "बघू या" म्हणून कामाला निघून जाणं नव्हे. कुत्रा बांधून ठेवा, शी काडीने उकलून बघा, कोय बाहेर पडलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. दाबलेली पांढरी जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच बसली नाही, तशीच उभी राहिली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. पोटात दुखणारं कुत्रं कधी पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग वर करून उभं राहतं, तेही लक्षात ठेवा. एक उलटी झाली तरी एक्स-रे पुन्हा काढायचा. आणि कोय गिळताना पाहून दोन तासही झाले नसतील तर फोन न करता थेट दवाखान्यात जा, त्या वेळी आमच्या हातात जास्त पर्याय असतात.

कोय चावून तुकडे करून गिळणारं कुत्रं वेगळं. तुकडे पुढे सरकतात खरे, पण त्यांच्या कडा धारदार असतात. लोणच्याच्या हंगामात हे जास्त होतं. कैरी फोडली की कोयीचं कवच फोडीला राहतं, लोणचं खाऊन झालं की ताटाच्या कडेला तो मिठा-तेलाने माखलेला कडक तुकडा उरतो आणि उष्ट्याबरोबर कुत्र्यापुढे पडतो. त्याने जीव जातोच असं नाही. पण टाळूला टोचणं, हिरडी फाटणं, शीमध्ये रक्त, हे सगळं मी पाहतो.

इथेच एक सूचना, आणि ही मी अगदी कळकळीने देतो. कुत्र्याचं तोंड उघडं राहिलंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, पंजाने तोंड घासतंय, असं दिसलं की माणूस पहिला हात घालतो तो त्याच्या तोंडात. कोय दाढांमध्ये किंवा टाळूला अडकली की कुत्रं असंच वागतं. पण पिसाळलेलं कुत्रंही असंच दिसतं. पिसाळण्याचा एक प्रकार शांत असतो. तो चावत सुटत नाही, जबडा लुळा पडतो, आवाज बदलतो, लाळ गळते, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. गल्लीतलं कुत्रं असेल, किंवा घरचं असून लस दिलेली नसेल, तर हात घालू नका. घातला गेलाच, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशी सुरू करा. ओरखडा बारीक आहे म्हणून सोडून देऊ नका.

मनीबद्दल. मांजराला गोड चवच कळत नाही, जिभेवरची गोडाची जाणीव तिच्यात नसते. म्हणून ती आंब्यासाठी कोय खात नाही. पण घरंगळणारी वस्तू म्हणजे तिचं शिकार करण्याचं खेळणं. चिंचोका, खजुराची बी, चिकूची बी, बोराची बी, यांच्यामागे ती धावते आणि क्वचित गिळते. तिचं आतडं शेरूपेक्षाही बारीक, त्यामुळे चिंचोक्याएवढी वस्तूही लहान पिल्लाला अडकू शकते. चिंचोके उचलून डब्यात घाला, खेळायला तिला कागदाचा मोठा बोळा द्या, दोरा मात्र देऊ नका, कारण मांजराच्या आतड्याचा खरा शत्रू दोरा आहे. मांजरामध्ये आणखी दोन अडचणी. एक, ती दुखणं लपवते. उलटी न करता ती नुसती पलंगाखाली जाऊन बसते. दोन, तिने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साठून कावीळ होते, आणि मूळ दुखणं बरं होऊनही ती त्यातच जाऊ शकते. म्हणून मांजर एक दिवस जेवलं नाही की दाखवायचं. आणि अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल तिला कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

इतर फळांबद्दल अनेक जण विचारतात, तेव्हा तेही. जांभळाची आणि बोराची बी मध्यम कुत्र्यातून बहुधा निघून जाते, पण कुत्र्याने झाडाखाली मूठ-दोन मूठ खाल्ली तर त्यांचा गोळा होऊन बसतो. खजुराची बी लांबट आणि टोकदार असते, लहान जातीच्या कुत्र्याला मी खजूर देऊच नका म्हणतो. सीताफळाची बी अख्खी गेली तर जशीच्या तशी बाहेर पडते, पण चावली-कुटली गेली तर आतला गर विषारी आहे. सातपुड्यात उवांसाठी तो डोक्याला लावतात, आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते हे डोळ्यांचे डॉक्टर जाणतात. सुक्या मेव्याच्या दुकानात बीसकट मिळणारा जर्दाळू कुत्र्यापासून दूर ठेवा, त्याची बी फोडली की आत बदामासारखा गर निघतो आणि सायनाइडचा प्रश्न तिथे खरा असतो. सफरचंदाच्या दोन-चार बिया पोटात गेल्या तर घाबरायचं कारण नाही. द्राक्षं आणि मनुक्यांना बी असो वा नसो, ती कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून शेरूला चिंचेच्या टोपलीपासूनही लांबच ठेवा. दाणे काढलेलं मक्याचं कणीस हे फळ नाही, पण आतड्यात अडकण्यात ते कोयीच्या बरोबरीचं आहे. पावसाळ्यात सातपुड्याच्या रस्त्यांवर भाजलेली कणसं खाऊन झाली की ती गाडीतल्या कुत्र्यापुढे टाकू नका.

उकिरड्याचाही विचार करा. तीन-चार दिवसांच्या कोयींवर बुरशी येते. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला सर्वांगाला थरथर सुटते, ताप चढतो, तोल जातो. अशा वेळी घरच्यांना वाटतं कुणीतरी विष घातलं. आणि ज्यांच्या दारात म्हैस आहे त्यांनी हेही ऐका : कोयी गुरांना टाकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. म्हशीच्या नरड्यात कोय बसली की तिला ढेकर देता येत नाही, डावी कूस फुगते, जीभ बाहेर येते, आणि तास-दोन तासांत खेळ संपू शकतो. अशा वेळी काठीने कोय आत ढकलायला जाऊ नका, नरडं फाटतं. डॉक्टर येईपर्यंत तिला पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करा, बसू देऊ नका.

रस करायच्या दिवशी कोयी मोजायची सवय लावून घ्या. जेवढे आंबे, तेवढ्या कोयी, झाकणाच्या डब्यात, आणि डबा कुत्र्याच्या उंचीच्या वर. परसात पुरणार असाल तर हातभर खोल पुरा, वरवर माती लोटलेली कोय कुत्रं वासावर उकरून काढतं. पाहुण्यांमधल्या लहान मुलांना आधीच सांगा, कारण चोखलेली कोय कुत्र्याला देणं हा त्यांचा लाड असतो. आणि ज्या कुत्र्याने एकदा कोय गिळली ते पुढच्या वर्षीही गिळतं, त्याला या बाबतीत अक्कल येत नाही.

ताई, शेरूला नेताना त्याला मांडीवर दाबून धरू नका, पोटावर भार येतो. टोपलीत किंवा पाटीत ओलं सुती कापड अंथरून आडवा झोपवा, गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. तहान लागली म्हणून त्याने कितीही केविलवाणं पाहिलं तरी पाणी पाजू नका, फक्त ओठ-जीभ ओल्या फडक्याने पुसा. डॉक्टरांनी काय सांगितलं आणि कोय जठरात आहे की आतड्यात, ते इथे लिहा, म्हणजे पुढच्या पथ्याचं मी सांगू शकेन.